एक डॉलरचें खोकें

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्यापुढें एक फिर्याद आली, आणि तिचा निकाल आम्हीं अद्याप दिलेला नाहीं. विद्यार्थ्यांत त्याविषयीं कुजबूज चालली आहे, दोन्ही पालकांच्या चिठ्ठ्याही आमच्याकडे येऊन पडल्या आहेत. म्हणून विलंबाचें कारण वार्षिकाच्या ह्या पानांतच सांगून टाकावें, असें आम्हांस वाटलें.

फिर्याद अशी. पांचवींतील एका मुलाजवळ क्रिकेटच्या खेळाडूचें सोनेरी कडेचें एक कार्ड होतें. नववींतील एका मुलानें तें मधल्या सुटींत एका वडापावाच्या मोबदल्यांत घेतलें. संध्याकाळीं धाकट्यास त्याच्या आळींतल्या मित्रांनीं सांगितलें कीं, तसलें कार्ड पाकिटांत क्वचितच निघतें आणि त्याला चारपांचशें रुपये कोणीही आनंदानें देईल. दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वींच त्याचे वडील शाळेंत हजर! थोरल्यास बोलावलें, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "सर, मी खोटें बोललों नाहीं. त्यानें वडापाव मागितला, मीं वडापाव दिला." धाकट्याचें म्हणणें असें कांहींच नव्हतें, तो नुसता रडत होता. आम्हीं तें कार्ड आमच्या मेजाच्या खणांत ठेविलें आणि विचार करून सांगतों म्हणालों.

आमच्या सहाध्यापकांस ह्यांत विचार करण्याजोगें कांहीं दिसत नाहीं. कोणी म्हणतात, कार्ड परत करावें व थोरल्यास समज द्यावी. कोणी म्हणतात, असल्या वस्तू शाळेंत आणणें हाच मूळ अपराध, तेव्हां दोघांसही शिक्षा करावी. दोन्ही मतें सरळ आहेत. अडचण एवढीच कीं, ज्या खणांत तें सोनेरी कार्ड पडलें आहे त्याच खणांत, आमच्या जुन्या शब्दकोशाच्या पानांत, दुसरें एक कार्ड कित्येक वर्षें दडलेलें आहे. आणि तें आम्हीं ज्या रीतीनें मिळविलें ती रीत नववींतल्या त्या मुलाच्या रीतीहून फारशी निराळी नव्हती.

सन २०१९ मध्यें मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत आम्ही अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत एका लहानशा गांवीं पाहुणे होतों. बॉस्टनच्या ज्या मिशन मंडळाचे पहिले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, आणि ज्यानें १८३१ सालीं अहमदनगरास ठाणें केलें, त्या मंडळाचा हा मूळ मुलूख. तेथील मंदिरांचा व आपल्याकडील मंदिरांचा ऋणानुबंध जुना आहे, आणि त्या ऋणानुबंधामुळेंच आमच्यासारख्या साध्या शिक्षकास तेथें जाण्याचा योग आला. आमचे यजमान टपालखात्यांतून निवृत्त झालेले, मंदिराचे डीकन, अत्यंत मितभाषी गृहस्थ. त्यांचा बारा वर्षांचा नातू मात्र फार बोलका, आणि त्याचें सारें बोलणें बेसबॉलच्या कार्डांविषयीं. पंधरा दिवसांत आम्ही त्याचे शिष्य झालों. वीस वर्षें मुलांस शिकविणाऱ्या माणसास एखाद्या मुलाकडून शिकावयास मिळणें ही केवढी मौज आहे, हें आमच्या व्यवसायबंधूंस सांगावयास नको.

बेसबॉलचें कार्ड म्हणजे अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच असा जाड कागदाचा तुकडा. पुढें खेळाडूचें चित्र. मागें बारीक अक्षरांत त्याच्या एकेका वर्षाच्या खेळाचे आंकडे. ह्या कार्डांचा जन्म, सांगावयास संकोच वाटतो, तंबाखूच्या कारखान्यांत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटचें नाजूक पाकीट चेंगरूं नये म्हणून त्यांत जाड कागदाचें पान घालीत. त्या पानावर चित्र छापलें तर गिऱ्हाईक पुनः तोच छाप मागतें, हें कारखानदारांच्या ध्यानांत आलें. १९०९ ते १९११ ह्या सालांत निघालेल्या अशा एका मालिकेंत होनस वॅग्नर नांवाच्या थोर खेळाडूचें कार्ड होतें, पण तें छापणें लौकरच थांबलें. आपल्या चित्रासाठीं मुलांनीं तंबाखू घ्यावी हें त्याला रुचलें नाहीं, असें पुष्कळ लोक सांगतात. कांहीं म्हणतात, पैशांचा वाद होता. आम्ही पहिल्या पक्षाचे आहों, पण तो आमच्या पेशाचा परिणाम असेल. त्यांतील एक कार्ड २०२२ सालीं साडेबाहत्तर लक्ष डॉलरांस विकलें गेलें.

पुढें तंबाखूची जागा च्युइंग गमनें घेतली. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीनें १९५२ सालीं चारशें सात कार्डांची मोठी मालिका काढली. तिचा उत्तरार्ध मोसम सरत आल्यावर दुकानांत पोंचला आणि पडून राहिला. हीं उरलेलीं खोकीं १९६० च्या सुमारास आपण पडावांत भरून अटलांटिक समुद्रांत बुडविलीं, असें त्या कंपनीच्या एका अधिकाऱ्यानेंच पुढें सांगितलें. त्याच उत्तरार्धांतलें मिकी मँटल ह्या खेळाडूचें एक कार्ड २०२२ सालीं एक कोटी सव्वीस लक्ष डॉलरांस गेलें. उलट, असल्या किंमतींचा बोभाटा झाल्यावर १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत कारखान्यांनीं कार्डें इतकीं छापलीं, आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च निघेल म्हणून बापांनीं तीं माळ्यावर इतकीं जपून ठेविलीं, कीं आज तीं फुकट दिलीं तरी कोणी घेत नाहीं. ज्याला सर्वांनीं टाकून दिलें तें मोलाचें झालें, आणि ज्याला सर्वांनीं कवटाळलें तें केरांत गेलें.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं गांवच्या सभागृहांत कार्डांचा बाजार भरे. लांब मेजांवर कांचेच्या पेट्या. त्यांत प्लॅस्टिकच्या जाड कवचांत बंद केलेलीं नांवाजलेलीं कार्डें, आणि त्यांवर परीक्षकांनीं दिलेले एक ते दहा असे गुण. आम्ही हें प्रथम पाहिलें तेव्हां मनांत म्हणालों, येथेंही परीक्षा सुटत नाहीं! कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र कागदाच्या मध्यावर बसलें आहे कीं नाहीं, ह्या चार विषयांत ही परीक्षा होते. परंतु आमचा छोटा गुरु त्या पेट्यांकडे ढुंकूनही पाहत नसे. मेजाच्या टोंकाला किंवा खालीं जमिनीवर पांढऱ्या पुठ्ठ्याचीं लांबट खोकीं मांडलेलीं असत. त्यांवर हातानें लिहिलेलें असे : कोणतेंही कार्ड एक डॉलर. कांहींवर पाव डॉलर. खरे शिकारी तेथें. लहान लहान तिवया घरून घेऊन येत आणि एकेका खोक्यापुढें दोन दोन तास बसत.

अशा खोक्यांत मोलाचीं कार्डें राहतातच कशीं, असा प्रश्न आम्हीं पहिल्याच दिवशीं विचारला. त्या मुलाचें उत्तर अर्थशास्त्राच्या एखाद्या पाठ्यपुस्तकास शोभलें असतें. दुकानदार कोणाच्या तरी घरचा सारा सांठा उक्ता विकत घेतो. त्यांत चारपांच हजार कार्डें असतात. प्रत्येक कार्ड हातांत घेऊन, कोपरे तपासून, भाव पाहून चिठ्ठी लावावयाची तर एकेकास दोन मिनिटें लागतील, आणि बहुतेकांतून तेवढ्या वेळाची मजुरीही सुटणार नाहीं. म्हणून तो वरवर चाळून ओळखीचे चेहरे काढून घेतो आणि बाकीचीं एका भावानें खोक्यांत टाकतो. खोक्यांत जें सांपडतें तें त्याच्या चुकीचें फळ नसून शोधणाऱ्याच्या श्रमाची मजुरी आहे! हें उत्तर आम्हांस तेव्हां पूर्णपणें पटलें. आजही, न्यायानें पाहिलें तर, बरेचसें पटतें.

शोधावयाचें कसें, हें त्यानें आम्हांस शिकविलें. आमच्या घरीं बायका सुपांत तांदूळ निवडतात, त्यांची दृष्टि एकेका दाण्यावर नसते. निराळें दिसेल तेवढ्यावरच ती अडखळते. तसेंच येथें. अंगठ्यानें कार्डें पुढें लोटीत जावयाचें आणि डोळा अडखळेल तेथें थांबावयाचें. चेहऱ्यास भुलूं नये, पाठ वाचावी. कारण ज्याचें नांव आज कोणी घेत नाहीं त्याचे आंकडे कधीं कधीं फार मोठें बोलतात. पहिल्या वर्षाच्या कार्डाकडे विशेष पाहावें, कारण त्या वर्षीं तो कोण होणार हें छापणाऱ्यासही ठाऊक नसतें. कार्ड दिव्याखालीं तिरपें धरावें. सरळ पाहतां न दिसणारी सुरकुती तेव्हां दिसते. आणि एका कार्डावर दोनतीन डोकीं असतील तर तें हटकून पाहावें. मोसमाच्या अखेरीस पहिले आलेले तिघे एकाच कार्डावर छापीत; घाईच्या दुकानदारास अशीं कार्डें किरकोळ वाटतात, आणि त्या तिघांत एखादा थोर खेळाडू दडून राहतो.

ह्या मुलाचा आवडता खेळाडू त्याच्या जन्मापूर्वींच कित्येक वर्षें वारलेला होता. रॉबर्तो क्लेमेंते हा पोर्तो रिको बेटाचा. १९५५ पासून १९७२ पर्यंत तो पिट्सबर्गच्या संघाकडून खेळला, आणि त्या खेळांत ज्याला हिट म्हणतात तसे बरोबर तीन हजार हिट त्याच्या नांवावर आहेत. कार्डें छापणाऱ्यांस त्याचें रॉबर्तो हें नांव अवघड वाटलें असावें. १९६० नंतरच्या दशकांत ते त्याला 'बॉब' असें छापीत राहिले, आणि त्याला तें आवडत नसे. १९७२ च्या डिसेंबरांत निकाराग्वा देशांत भूकंप होऊन मानाग्वा शहर उद्ध्वस्त झालें. क्लेमेंतेनें मदतीचें सामान जमविलें. पूर्वीं पाठविलेलें सामान गरजूंपर्यंत पोंचत नाहीं असें कळल्यावर, ह्या खेपेस आपण स्वतः बरोबर जावें असें त्यानें ठरविलें. आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीं तें विमान सामानासह समुद्रांत पडलें. त्याचें शव मिळालें नाहीं. निवृत्तीनंतर पांच वर्षें थांबण्याचा नियम बाजूला ठेवून १९७३ सालींच त्याला बेसबॉलच्या मानमंदिरांत स्थान देण्यांत आलें. ही हकीकत मुलानें आम्हांस अंगणांत हिरवळ कापतां कापतां सांगितली. आम्हीं तोंवर त्या खेळाडूचें नांवही ऐकलेलें नव्हतें.

जुलैच्या बाजारांत एक नवें मेज होतें. त्यामागें सत्तरीच्या घरांतल्या एक बाई विणकाम घेऊन बसल्या होत्या. कार्डें त्यांच्या यजमानांचीं. यजमान वसंत ऋतूंत वारले होते. त्यांनीं सगळीं खोकीं जशींच्या तशीं आणून मांडिलीं होतीं, आणि प्रत्येकावर एकच भाव : एक डॉलर. शेजारचे दुकानदार सकाळीं दारें उघडण्यापूर्वींच त्यांतून एकदां हात फिरवून गेले होते, हें आम्हांस मागाहून कळलें.

आम्ही तिसरें खोकें चाळीत होतों. १९६८ सालचें एक कार्ड आलें. त्यावर तीन डोकीं. आमचा अंगठा थांबला. आदल्या मोसमांत नॅशनल लीगमध्यें फलंदाजीच्या सरासरींत पहिले आलेले तिघे : क्लेमेंते, क्यूबाचा गोन्झालेझ आणि डोमिनिकन देशाचा अलू. तिघेही परक्या मुलुखांतून आलेले, हें आम्हांस उगीचच बरें वाटलें. मुलानें तें पाहिलें आणि आमचा हात घट्ट धरिला. आमच्या कानाशीं लागून तो म्हणाला, कार्ड मालिकेंतलें पहिल्या क्रमांकाचें आहे. त्या काळचीं मुलें कार्डें क्रमानें रचून रबराच्या पट्ट्यानें बांधीत. पट्टा बसे तो सर्वांत वरच्या कार्डावर, म्हणून एक क्रमांकाचें कार्ड धड कोपऱ्यांचें सहसा मिळतच नाहीं. ह्याचे चारी कोपरे शाबूत होते. चाळीस डॉलर तरी, असें तो कुजबुजला.

आम्हीं तें इतर पांच निरुपयोगी कार्डांच्या मध्यें घातलें. हें कोणीं शिकविलें नव्हतें. हात आपोआप तसा वळला. सहा कार्डें मेजावर ठेविलीं. बाईंनीं विणकाम मांडीवर ठेवून विचारिलें, "कांहीं चांगलें सांपडलें का?" आम्हीं म्हणालों, "भारतांतल्या आमच्या विद्यार्थ्यांस दाखविण्यापुरतीं जुनीं चित्रें." त्या प्रसन्न झाल्या, इतक्या दूर आपल्या यजमानांचीं कार्डें जाणार, ह्याचें त्यांस समाधान वाटलें. सहांचे पांचच डॉलर त्यांनीं घेतले.

आम्ही खोटें बोललों नाहीं. तीं चित्रें जुनींच होतीं, आणि विद्यार्थ्यांस दाखविण्याचा विचारही होता.

त्या आठवड्यांत रविवारच्या शाळेचा पाठ घेण्याचें काम पाळकांनीं आम्हांस सांगितलें होतें, आणि नेमलेला पाठ मत्तयाच्या तेराव्या अध्यायांतला : शेतांत लपविलेल्या ठेवीचा दाखला. माणसास ठेव सांपडते, तो ती झांकून ठेवितो, आणि सर्वस्व विकून तें शेत विकत घेतो. पाठ झाल्यावर त्या मुलानें हात वर केला. शेताच्या धन्यास त्या माणसानें सांगितलें होतें काय, असा त्याचा प्रश्न. आम्हीं सेमिनरींत शिकलों होतों तसें उत्तर दिलें : दाखल्याचा रोख स्वर्गाच्या राज्याच्या मोलावर आहे, शेताच्या खरेदीखतावर नाहीं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण आपण तर राज्य विकत घेत नव्हतों." वर्गांतल्या इतर मुलांस ह्याचा अर्थ कळला नाहीं. आम्हांस कळला. विकत घेतांना मालास नांवें ठेवून घरीं जातांच फुशारकी मारणाऱ्या गिऱ्हाइकाविषयीं शलमोनानें नीतिसूत्रांत लिहून ठेविलें आहे, हें आम्ही स्वतः कितीदां तरी वर्गांत समजावून दिलें असेल.

ऑगस्टच्या बाजारास आम्ही कार्ड व चाळीस डॉलर दोन्ही घेऊन गेलों; बाईंस जें रुचेल तें त्यांनीं घ्यावें असा बेत होता. त्यांचें मेज तेथें नव्हतें. राहिलेलीं सारीं खोकीं एका दुकानदारानें उक्तीं घेतलीं होतीं आणि त्या दूरच्या संस्थानांत मुलीकडे राहावयास गेल्या होत्या. आम्हीं हकीकत सांगितली तेव्हां तो दुकानदार मनापासून हंसला. म्हणाला, सकाळीं मीं त्या खोक्यांतून चारशें डॉलरांचीं कार्डें वीस डॉलरांत काढलीं, तुम्ही एकासाठीं झोंप मोडतां! तो मनुष्य वाईट नव्हता; त्यानें आमच्या शिष्यास एक कार्ड फुकट दिलें. बाजार चालविणाऱ्यांच्या हातीं आम्हीं बाईंसाठीं एक पत्र दिलें. आजवर त्याचें उत्तर नाहीं. पत्र पोंचलें कीं नाहीं हेंही कळावयास मार्ग नाहीं.

त्याच महिन्यांत कृष्णा व पंचगंगा ह्यांस महापूर येऊन सांगली व कोल्हापूर पाण्याखालीं गेलीं. तेथील मंदिरांत आम्हीं ही बातमी सांगितली आणि मदतीसाठीं दानपात्र फिरविण्यांत आलें. मुलानें घरीं येऊन सुचविलें, कार्ड विकून टाकूं आणि पैसे पुरासाठीं देऊं. क्लेमेंतेनें तसेंच केलें असतें. सूचना सुंदर होती, आणि आमच्या मनावरचें ओझें तिनें चटकन उतरलेंही असतें. परंतु ज्याचें मोल आपण दिलें नाहीं तें देवापुढें ठेवावयास दावीद राजा तयार झाला नव्हता, हें आमच्या मनांतून जाईना. बाईंचे पैसे बाईंस न विचारतां दान करून आपण उदार ठरणें, ही त्यांच्याकडून दुसऱ्यांदा घेतलेली सूट झाली असती. आम्हीं पुरासाठीं दिलें तें खिशांतून दिलें. तें चाळीस डॉलरांहून कमीच होतें. मुलगा रुसला. डीकन महाशयांनीं सारें ऐकून घेतलें आणि बटाट्यांचें भांडें आमच्याकडे सरकविलें. त्यांचें मत आम्हांस शेवटपर्यंत कळलें नाहीं.

तेव्हांपासून तें कार्ड आमच्या खणांत, दुसऱ्याची ठेव म्हणून. सहा कार्डांपैकीं पांच आम्हीं वेळोवेळीं वर्गांत दाखविलीं. सहावें दाखविलें नाहीं.

आतां आमच्यापुढील फिर्यादीचें पाहा. नववींतल्या मुलानें कार्डें ओळखावयास श्रम केले आहेत, धाकट्यानें केले नाहींत. तेवढी मजुरी त्याची आहे, असें आमच्या छोट्या गुरूनें म्हटलें असतें. भाव धाकट्यानेंच सांगितला, हेंही खरें. परंतु वडापावाचा सौदा होण्यापूर्वीं धाकट्यानें त्याला, "दादा, हें चांगलें आहे का?" असें विचारलें होतें काय, आणि विचारलें असल्यास त्यानें काय उत्तर दिलें, हा प्रश्न आम्हीं अजून थोरल्यास विचारलेला नाहीं. विचारावयाचा म्हटलें कीं विणकाम मांडीवर ठेविलेल्या त्या बाई डोळ्यांपुढें येतात, आणि आम्ही दुसरें कांहीं तरी काम काढून बसतों. दोन्ही पालकांनीं ह्या दिरंगाईबद्दल आम्हांस क्षमा करावी.

सध्यां स्थिति अशी आहे. पांचवींतला मुलगा रोज मधल्या सुटींत येतो. आम्ही खण उघडतों. तो आपलें कार्ड पाहतो, उलटून मागचे आंकडे वाचतो आणि परत जागेवर ठेवितो. गेल्या गुरुवारीं आम्हीं त्याला शब्दकोशांतलें कार्डही दाखविलें, आणि तें कोठून आलें हें सांगितलें. हे तिघे कोण, रबराचा पट्टा कोठें बसे, असें सारें त्यानें विचारून घेतलें. शेवटीं, त्या आजीबाईंचा पत्ता पुनः शोधतां येणार नाहीं का, असेंही विचारलें. इतक्यांत नववींतला मुलगा दाराशीं आलेला आम्हांस दिसला. आंत ये म्हटलें, पण तो आला नाहीं. बराच वेळ तेथेंच उभा होता. घंटा झाल्यावर दोघेही आपापल्या वर्गांत गेले. शुक्रवारीं आम्हीं बाजार चालविणाऱ्यांस पुनः एक पत्र टाकलें आहे, आणि सोमवारीं मधल्या सुटींत नववींतल्या मुलास एकट्यास बोलाविलें आहे.